तळ्यातली नाव आणि परतीची वाट



काल या व्यासपीठावरून ज्ञानेश्वरीतील दृष्टान्तांवर व्याख्यान झाले. उद्या एक नामवंत अर्थशास्त्रज्ञ येणार आहेत. आणि या दोन मोठ्या विषयांच्या मधल्या दिवशी मी आपणांस काय सांगणार, तर स्कॉटलंडमधल्या तळ्यात नावेत बसावे कसे! चालकांनी विषय ऐकला तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "असू द्या, मधे थोडा गार वारा हवाच." वैशाखात गार वारा कोणाला नको असतो? तेव्हा मी आलो.

परंतु विषय वाटतो तितका हौशी नाही. आपल्या गावातली निदान शेदीडशे मुले आज परदेशी आहेत. मे महिन्यात या मंडपातल्या पुढच्या रांगेतल्या चारसहा खुर्च्या दरवर्षी रिकाम्या दिसतात, त्या कोणाच्या? लेकीकडे किंवा मुलाकडे गेलेल्या आईबापांच्या. ही मंडळी साठी उलटल्यावर पहिल्यांदा विमानात बसतात. गुडघे दुखत असतात, गोळ्यांची पिशवी बरोबर असते, आणि मुलाने रजा काढून किंवा न काढता कुठली तरी सहल ठरवून दिलेली असते. असा प्रवास बहुधा एकदाच घडतो. तो बिघडला तर दुरुस्तीला दुसरी खेप नसते. मी तो एकदा बिघडवला आणि दैवाने एकदा सुधारता आला. त्या दोन दिवसांत जे शिकलो तेवढेच सांगायला उभा आहे.

माझी ओळख आपणांपैकी पुष्कळांना आहे. नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात मी तेहेतीस वर्षे काढली. तुमच्या नळाला पाणी आले नाही की ज्याच्या नावाने बोटे मोडली जात, तोच मी. मुलगी ग्लासगोला असते. २०२४ साली उन्हाळ्यात आम्ही उभयता तिच्याकडे दोन महिने राहिलो. सौभाग्यवती समोर तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, त्यामुळे मला फारसे खोटे बोलता येणार नाही.

प्रथम एक शब्द समजावून घेऊ. स्कॉटलंडात तळ्याला 'लॉख' म्हणतात. शेवटचा ख घशातून, उर्दूतल्या खबर-खयाल यांच्यासारखा काढायचा. इंग्रज पुष्कळदा 'लॉक' म्हणतात, पण आपल्या जिभेला हा उच्चार जड नाही, आणि तो नीट केला की तिथला माणूस खूष होतो. ग्लासगोहून कॅट्रिनच्या तळ्याकडे जाताना 'लेक ऑफ मेन्टीथ' नावाचे एक तळे लागते. सरोवराला लॉख न म्हणता लेक म्हणण्याचा तो स्कॉटलंडातला प्रसिद्ध अपवाद. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रत्येक लॉख म्हणजे गोड्या पाण्याचे तळे नव्हे. लॉख फाइन, लॉख लाँग या समुद्राच्या खाड्या आहेत. तिथे भरतीओहोटी असते, पाणी खारे असते. नावावरून तिकीट काढू नये, नकाशा पाहावा.

आता माझी चूक सांगतो.

आम्ही पोचलो त्याला आठवडा झाला नव्हता. मुलीला रजा नव्हती. मला वाटले, आपण काय लहान आहोत? एका दिवसात तीन तळी दाखवणारी सहल मी परस्पर ठरवली. तीन तळी, दोन किल्ले, एक दरी, आणि शिवाय लॉख नेसमध्ये नावेची फेरी. हिशेब मोठा फायद्याचा वाटला. एका तळ्याचे किती पैसे पडले हे मी भागाकार करून घरी सांगितलेसुद्धा! जे मी पाहिले नाही ते एवढेच, की ग्लासगोहून नेसच्या काठी जायला साडेतीन तासांच्या आसपास लागतात आणि यायलाही तितकेच. बारा तासांच्या दिवसातले सात तास बसच्या काचेतून जाणार होते, आणि काचेवर पाऊस होता.

लोमंडच्या काठी वीस मिनिटे थांबलो. त्यातली पंधरा स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली. नेसला नावेत बसलो तेव्हा अंगावर काय? हिच्या अंगावर सुती साडी, वर एक पातळ स्वेटर, पायात कापडी बूट. माझ्या हातात छत्री. नाव किनाऱ्यापासून सुटली, वारा आला, आणि छत्रीची जी उलटी परडी झाली ती पुन्हा सुलटी झालीच नाही. सुती कापड एकदा भिजले की अंगावरच राहते, वाळत नाही. वीस मिनिटांत ही कुडकुडायला लागली. बाकीचे लोक पाण्यात राक्षस दिसतो का ते पाहत होते, मी हिचे ओठ निळे पडतात का ते पाहत होतो.

पण खरी गंमत पुढेच. बस किती वाजता सुटणार हे वाटाड्याने सांगितले होते, 'क्वार्टर टू फोर'. मी ऐकले 'क्वार्टर पास्ट फोर'. पावणेचार आणि सव्वाचार यांत अर्ध्या तासाचे अंतर असते, हे मी तेहेतीस वर्षे पाण्याच्या वेळा छापणारा माणूस विसरलो. आम्ही गरम चहा घेऊन सावकाश बाहेर आलो तर बस गेलेली. दोष त्या लोकांचा नव्हता. त्यांनी वाट पाहिली असणार, मागे चाळीस माणसे होती. मग गावची बस धरून इन्व्हर्नेस, तिथून आगगाडीची नवी तिकिटे, आणि रात्री साडेअकराला घर. मुलगी दारात उभी होती. ती एक शब्द बोलली नाही. ती बोलली असती तर बरे झाले असते.

हिला दोन दिवस ताप होता. तिसऱ्या दिवशी मी विचारले, "तीन तळ्यांपैकी कोणते आवडले?" ही म्हणाली, "अहो, मला एकही आठवत नाही. मला गाडीची काच आठवते."

मंडळी, हे वाक्य मी या मंडपात एवढ्यासाठी सांगतो की त्यातच पहिला आणि सर्वांत मोठा सल्ला आहे. एका दिवसात एक तळे. दुसरे दाखवतो म्हणणाऱ्याला नमस्कार करावा.

मग कोणते एक? मुक्काम ग्लासगोला असेल तर तीन नावे पुढे येतात. त्यांची तुलना करून सांगतो.

पहिले लोमंड. ब्रिटन बेटावर पृष्ठभागाने सर्वांत मोठे तळे हेच. सुमारे ७१ चौरस किलोमीटर क्षेत्र, लांबी ३६ किलोमीटरांच्या आसपास. दक्षिणेकडे ते रुंद, उथळसर आणि बेटांनी भरलेले आहे. उत्तरेकडे चिंचोळे, खोल आणि दोन्ही बाजूंनी डोंगरांनी दाबलेले. असे का, तर स्कॉटलंडचा सखल भाग आणि डोंगराळ प्रदेश यांना विभागणारा भूस्तरभंग या तळ्यातूनच आडवा जातो, आणि काही बेटे त्याच रेषेवर ओळीने उभी आहेत. नावेत बसून दोन प्रदेशांची शीव डोळ्यांनी पाहायची असेल तर हे तळे. शिवाय ग्लासगोच्या क्वीन स्ट्रीट स्टेशनातून बॅलॉखला थेट आगगाडी जाते, प्रवास पाऊण तासाच्या थोडा वर, आणि स्टेशनपासून काठ चालत जाण्याजोगा. ज्यांच्याजवळ गाडी नाही, ज्यांचे गुडघे कुरकुरतात, त्यांनी डोळे मिटून लोमंड निवडावे. फक्त नावेत बसल्यावर ते उघडावेत!

दुसरे नेस. खोली २३० मीटर. इंग्लंड आणि वेल्समधल्या सगळ्या तळ्यांत मिळून जितके पाणी आहे त्याहून अधिक या एकट्यात आहे. पण ते ग्लासगोचे तळे नव्हे, इन्व्हर्नेसचे आहे. तिथे जायचे तर इन्व्हर्नेसला एक रात्र मुक्काम करावा आणि सकाळी ताजेतवाने होऊन नावेत बसावे. राक्षसाबद्दल मला विचारू नका. मी पाहिला नाही, आणि मी बसही पाहिली नाही.

तिसरे कॅट्रिन. ग्लासगोहून साधारण ६० किलोमीटर, ट्रॉसॅक्सच्या डोंगरात. लांबी १३ किलोमीटर. आमची दुसरी खेप इथे झाली, आणि ती का झाली हे सांगायला हवे.

ग्लासगोच्या केल्विनग्रोव्ह बागेत एक मोठे कारंजे आहे, १८७२ सालचे. मी तिथे संध्याकाळी फिरायला जात असे. कारंज्याच्या माथ्यावर एका स्त्रीची मूर्ती. मला वाटले, कोणी राणी असेल. चौकशी केली तेव्हा कळले, की हे कारंजे एका नगराध्यक्षाच्या स्मरणार्थ बांधले आहे. त्याचे नाव रॉबर्ट स्टुअर्ट, आणि त्याची कामगिरी एवढीच, की त्याने गावाला पाणी आणले. मंडळी, पाणी खात्यातल्या माणसाने परदेशात जाऊन पाणी आणणाऱ्याचे स्मारक पाहावे, आणि तेही वाहते, यापरते तीर्थ कोणते?

मग मी त्या विषयाच्या मागेच लागलो. एकोणिसाव्या शतकात ग्लासगो गिरण्या-कारखान्यांनी फुगले. लोक क्लाइड नदीचे आणि विहिरींचे घाण पाणी पीत. १८३२, १८४८-४९, १८५३-५४ अशा पटक्याच्या साथी आल्या आणि हजारो माणसे मेली. तेव्हा नगरपालिकेने ठरवले की डोंगरातल्या कॅट्रिन तळ्याचे पाणी शहरात आणायचे. बेटमन नावाच्या इंजिनियराने तळ्याची पातळी थोडी वाढवली, खडक फोडून बोगदे काढले, दऱ्यांवरून नळ नेले, आणि सुमारे ४१ किलोमीटर पाणी केवळ उताराने, एकही पंप न लावता शहराच्या वेशीपर्यंत आणले. १४ ऑक्टोबर १८५९ रोजी व्हिक्टोरिया राणीने तो कालवा खुला केला. १८६६ साली पटक्याची साथ पुन्हा आली तेव्हा ग्लासगोत पूर्वीच्या मानाने फारच थोडी माणसे दगावली. तोच मार्ग आजही शहराला पाणी देतो. म्हणजे माझी लेक रोज सकाळी जो चहा करते, तो कॅट्रिनच्या पाण्याचा!

हे मी घरी सांगितले. ही म्हणाली, "म्हणजे तुम्ही एवढ्या लांब पाणीपुरवठा पाहायला आलात तर!" पण म्हणाली, "चला." या वेळी मुलीने रजा काढली. बेत मात्र मी केला, आणि तो कागदावर केला. तो कागद आपणांसमोर वाचून दाखवतो.

पहिले, काळ. तळ्यांतल्या बहुतेक फेऱ्या वसंतापासून ऑक्टोबरपर्यंत भरात असतात. हिवाळ्यात त्या थोड्या होतात किंवा बंद पडतात. जूनमध्ये ग्लासगोला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. डिसेंबरात पावणेचारलाच. आपल्या लोकांना हा उजेड फसवतो. लख्ख ऊन असते म्हणून आपण निर्धास्त बसतो, आणि घड्याळात शेवटची नाव गेलेली असते. उजेडावर वेळ ओळखू नये.

दुसरे, तिकीट. आगाऊ काढावे, पण निघण्याच्या दिवशी सकाळी नाव निघणार आहे ना याची पुन्हा खातरी करावी. वारा फार असला की फेरी रद्द होते, आणि ती आपल्या भल्यासाठीच होते. तिकीट एकमार्गी की जाऊन-येऊन, हे तोंडाने विचारून घ्यावे. वडीलधाऱ्यांना सवलत आहे का तेही विचारावे. मात्र तिथल्या साठीच्या रहिवाशांना बस फुकट असते म्हणून आपल्यालाही असेल असे समजू नये, आपण पाहुणे. धक्क्यापासून नावेपर्यंत पायऱ्या किती, चाकाची खुर्ची आत जाते का, हे आदल्या दिवशी विचारण्यात कमीपणा नाही.

तिसरे, परतीची वाट. ही मी कागदाच्या माथ्यावर लिहिली होती. कुठेही पोचल्याबरोबर पहिले काम चहा नव्हे, छायाचित्र नव्हे. पहिले काम म्हणजे परतीचे वाहन किती वाजता, कोठून, आणि ते चुकले तर पुढचे कोणते, हे विचारणे. उत्तर आकड्यांत लिहून घ्यायचे आणि लिहिलेले त्या माणसाला दाखवायचे. डोंगरात मोबाइलला पुष्कळदा आवाज पोचत नाही, म्हणून हे कागदावरच असावे. कॅट्रिनच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचे. तिथे आगगाडी नाही, बसची सोय त्या त्या हंगामाची पाहून घ्यावी लागते, आणि स्वतःच्या किंवा भाड्याच्या गाडीनेच जाणे सोयीचे पडते. वाटेत ॲबरफॉइलनंतर घाट लागतो. आपल्या घाटांपुढे तो किरकोळ आहे, पण वळणे पुष्कळ. ज्यांना गाडी लागते त्यांनी आलेपाक जवळ ठेवावा.

चौथे, कपडे. तिथे पाऊस हा ऋतू नाही. तो दिवसातून चारदा येणारा शेजारी आहे. एक जाड कोट घालण्यापेक्षा पातळ तीन थर घालावेत: आत अंगाला चिकटणारे, मध्ये लोकरीचे, वर वारा आणि पाणी अडवणारे. डोक्याला कानटोपी, आणि ती घालायला लाजू नये. छत्री घरी ठेवावी. पायात पकड असलेले बूट, कारण नावेची फळी ओली असते. भगिनींना साडीच नेसायची असेल तर अवश्य नेसावी, पण आत उबदार विजार आणि वर लांब कोट असावा, आणि पदर खोचलेला असावा. आणखी एक मोज्यांचा जोड पिशवीत. त्या मोज्यांनी आमच्या घरातली शांतता राखली, एवढेच सांगतो.

पाचवे, चिलटे. तिथे 'मिज' नावाची अगदी बारीक चावरी माशी असते, मे महिन्याच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत. पाण्याच्या कडेला, ढगाळ, पडलेल्या हवेत, सकाळ-संध्याकाळी ती थव्याने येते. तिचे एक बरे आहे, वारा जरा वाहू लागला की तिला उडता येत नाही. म्हणून चालत्या नावेत ती नाही, धक्क्यावर मात्र आहे. अंगभर कपडे आणि लावायचे औषध जवळ असावे. काठच्या गवतातून किंवा नेच्यांतून चालला असाल तर घरी आल्यावर पाय तपासावेत. गोचिड्या चिकटतात, आणि त्यांच्यामुळे लाइम नावाचा रोग होऊ शकतो.

सहावे, खाणे. शाकाहारी मंडळींसाठी ही सूचना. गारठ्यात धक्क्यावरच्या उपाहारगृहात डाळीचे सूप दिसते. रंग आमटीचा, वास बरा, आपल्याला वाटते घरच्यासारखे मिळाले. पण तिथल्या जुन्या पद्धतीत ते सूप डुकराच्या हाडाच्या पाण्यात शिजवतात. सगळीकडे असे असते असे नाही, म्हणून विचारून घ्यावे. विचारले की ते लोक आनंदाने सांगतात. आम्ही मात्र दशम्या, लसणीची चटणी आणि गरम पाण्याची बाटली नेली होती. डब्यासारखा मित्र नाही.

सातवे, आणि हे हसण्यावारी नेऊ नये. पाण्यात उतरू नये. ही तळी हिमनद्यांनी कोरलेली आहेत. काठावर घोटाभर पाणी असते आणि चार पावलांवर तळ नाहीसा होतो. वर ऊन असले तरी पाणी थंडगार. अशा पाण्यात एकदम पडलेल्या माणसाचा श्वास पहिल्या काही क्षणांत ताब्यात राहत नाही, धाप लागते आणि पाणी नाकातोंडात जाते. पोहता येणारेही त्यात बुडतात. २०२१ च्या जुलैत, कडक उन्हाच्या एका शनिवार-रविवारी, लोमंडमध्ये असेच काहींचे प्राण गेले. आपल्या मुलांना विहिरीत पोहता येते, त्याचा इथे भरवसा नको. नावेत कठड्याशी वाकून छायाचित्र घेऊ नये, नातवाचा हात सोडू नये, आणि नावाड्याने सुरुवातीला जी सुरक्षेची माहिती दिली ती बोलणे थांबवून ऐकावी. कोणी पडलेच तर मागोमाग उडी टाकू नये. तरंगणारी वस्तू फेकावी आणि ९९९ क्रमांकाला दूरध्वनी करावा. प्रवासाचा वैद्यकीय विमा निघण्यापूर्वी उतरवलेला असावा, हेही त्यातच सांगून टाकतो.

कागद संपला. आता दिवस सांगतो.

आम्ही धक्क्यावर नावेच्या पाऊण तास आधी पोचलो. परतीची वेळ आकड्यांत लिहिली. तिकीटघरातल्या बाईंना दाखवली. त्या हसल्या आणि त्यांनी त्याखाली एक रेघ ओढली. कॅट्रिनवरची नाव म्हणजे 'सर वॉल्टर स्कॉट' ही वाफेची आगबोट. स्कॉटने १८१० साली या तळ्यावर 'द लेडी ऑफ द लेक' हे काव्य लिहिले आणि तेव्हापासून इथे प्रवाशांची रीघ लागली, म्हणून हे नाव. केल्विनग्रोव्हच्या कारंज्यावरची ती मूर्ती त्याच काव्यातल्या नायिकेची. आगबोट १८९९ सालची, डम्बार्टनच्या कारखान्यात बांधलेली. पण तळ्याला समुद्राची वाट नाही, तर ती आली कशी? तिचे भाग सुटे केले, लोमंडवरून पडावाने इन्व्हर्सनेडपर्यंत आणले, तिथून घोडागाड्यांत घालून डोंगरावरून कॅट्रिनच्या काठी स्ट्रोनाख्लाखरला नेले आणि तिथे पुन्हा जोडले. १९०० पासून ती चालते आहे. २०२० च्या सुरुवातीला बॉयलरला तडे आढळले म्हणून ती थांबली होती. लोकांनी पैसे जमवले आणि २०२३ मध्ये ती पुन्हा पाण्यावर आली. सव्वाशे वर्षांचे तिचे यंत्र उतारूंना वरून पाहता येते. दट्ट्या वर-खाली होतात, तेलाचा वास येतो, आणि आमच्या पंपघरातल्या जुन्या यंत्राची आठवण होते. मी तिथे इतका वेळ उभा राहिलो की मुलगी म्हणाली, "बाबा, तळे बाहेर आहे!"

पश्चिमेकडे जाताना डाव्या हाताला बेन व्हेन्यू हा डोंगर येतो आणि त्याच्या पायथ्याशी एलेनचे बेट. म्हणून जाताना डावी बाजू धरावी, येताना बाजू आपोआप बदलते. पाऊस आलाच. पण या वेळी तो कोटावरून ओघळून गेला. ही कानटोपी घालून कठड्याजवळच्या बाकावर बसली होती. ना काही बोलत होती, ना कशाचे छायाचित्र घेत होती. ढग डोंगरावरून खाली येत, पाण्याला टेकत आणि पुन्हा वर जात. अर्धा तास ती नुसती पाहत होती. तीन तळ्यांच्या दिवशी जे एका मिनिटाला लाभले नव्हते ते इथे लाभले.

मग हिने पिशवीतून एक नाणे काढले. आपण नदी ओलांडताना टाकतो ना, तसे. आपल्याला लहानपणापासूनची सवय, त्यात भाव असतो. मुलगी म्हणाली, "आई, थांब. हे पाणी आम्ही पितो." एवढेच बोलली.

त्या पाण्याची काळजी किती घेतली जाते ते मी वाचले होते. या आगबोटीत पूर्वी धूर नसलेला कोळसा जाळीत आणि पुढे ती जैवइंधनावर चालेल अशी केली, ती पाणी निर्मळ राहावे या विचाराने. हिने नाणे मुठीत धरले, क्षणभर विचार केला, आणि ते परत पिशवीत ठेवून तळ्याला हात जोडले. माझ्याकडे वळून म्हणाली, "हात जोडले की पोचतेच की."

तेहेतीस वर्षे मी तलावाच्या काठी 'येथे निर्माल्य टाकू नये' अशा पाट्या लावल्या. कोणी ऐकले नाही. त्या पाट्यांवर काय लिहायला हवे होते ते मला त्या नावेत कळले. 'हे पाणी आम्ही पितो,' एवढेच. हुकूम लोक मोडतात, पण नाते सहसा मोडत नाहीत.

दोन-चार किरकोळ गोष्टी राहिल्या. स्कॉटलंडातल्या बँका आपापल्या नोटा छापतात. त्या खऱ्याच असतात, पण लंडनमधला दुकानदार कधी कधी त्या घ्यायला कुरकुरतो, म्हणून तिथेच खर्चाव्यात. नावेतला कचरा खिशात घालून घरी आणावा. आणि मुलांना सांगावे, की आमच्यासाठी लांबची सहल नको, एक दिवसाची रजा काढ. आईबापांना तळे एकट्यानेही पाहता येते. पण नाणे कधी थांबवायचे हे सांगायला लेक बरोबर असावी लागते.

परत आल्यावर मी हिला पुन्हा विचारले, "काय आठवते?" हिने बराच वेळ सांगितले. ते सगळे मी इथे सांगत नाही, तिचे तिच्याजवळ राहू द्या.

बंधुभगिनींनो, आपणांपैकी जे यंदा किंवा पुढच्या उन्हाळ्यात जाणार असतील, त्यांनी एवढे तीन शब्द गाठीला बांधावेत: एक तळे, उबदार मोजे, परतीची वेळ. बाकीचे ते तळे आपणच दाखवते. आणि जे कोठेही जाणार नाहीत, त्यांनी उद्या सकाळी नळाखाली तांब्या धरताना ते पाणी कुठल्या डोंगरातून आले एवढे क्षणभर आठवावे. म्हणजे माझे आजचे बोलणे वाया गेले नाही असे मी समजेन.

माझी वेळ संपल्याची घंटा अध्यक्षांनी दोनदा वाजवली आहे. परतीची वेळ पाळा असे तासभर सांगणाऱ्याने ती स्वतः चुकवू नये.